पट्टी खाली घ्या, बँड बंद करू नका

भुसावळहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्यातला मुद्द्याचा भाग इथं देते.

"ताई, मी ६८ वर्षांचा, रेल्वेच्या लोको शेडमधून निवृत्त. कॉलेजात असताना आम्ही पाच जणांनी बँड काढला होता. रेल्वे कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन शेजाऱ्यांच्या घरी ऐकलेल्या रेकॉर्डी आणि मुंबईहून आणलेल्या कॅसेटी, एवढ्या शिदोरीवर. मी ड्रम वाजवायचो. ख्रिसमसला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये, कॉलेजांच्या गॅदरिंगला वाजवलं. मग नोकऱ्या, बदल्या, संसार. निवृत्तीनंतर पुन्हा जमलो. कीबोर्डवाला मित्र वारला, त्याच्या जागी त्याची मुलगी वाजवते. गिटारवाला रावेरकडचा, केळीची शेती. तो म्हणतो, आपण नवी गाणी करू, काही आपल्या लेवा बोलीत करू, रेकॉर्ड करू. बाकीचे म्हणतात, म्हाताऱ्यांची नवी गाणी कोण ऐकणार? गाणारा जळगावला असतो. वरच्या सुरात त्याचा आवाज फाटतो, पण आम्ही सांगत नाही आणि तो मानत नाही. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, बाबा, इंग्लंडच्या त्या म्हाताऱ्या रॉक बँडनं, रोलिंग स्टोन्सनीसुद्धा कधीच थांबायला हवं होतं, तुम्ही कशाला हसं करून घेता? ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न शेवटच्या कार्यक्रमानंतर १७ दिवसांत गेला, हे कळल्यापासून बायकोनं धसका घेतला आहे. ती अमळनेरची. अहिराणीत एकच विचारते, 'आते कसाले?' म्हणजे, आता कशाला? त्यात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी एप्रिलमध्ये मैदानावर दोन तासांचा कार्यक्रम करा म्हणून गळ घातली आहे. हो म्हणू, की बँडच मिटवू?"

दादा,

बँड मिटवू नका. एप्रिलच्या मैदानाला मात्र आजच नाही कळवा, त्याचं कारण पुढं सांगते. आणि रावेरच्या मित्राचं ऐका. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात मोलाचं बोलणं त्याचं आहे, आणि तुम्ही ते एका ओळीत उरकून टाकलंत.

आधी मुलाचं बघू. त्याच्यावर रागावू नका, तो उगाच बोलत नाही. रॉक हे तरुणपणाच्या जोरावर उभं राहिलेलं संगीत. द हू या बँडनं १९६५ मध्ये म्हातारं होण्याआधी मेलेलं बरं, अशा अर्थाचं गाणं केलं आणि त्यावर एक पिढी नाचली. त्याच बँडनं १९८२ मध्ये निरोपाचा दौरा केला आणि पुन्हा २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेत निरोपाचा दौरा केला, तेव्हा त्यांच्या गायकानं ऐंशी ओलांडली होती. असं वारंवार निरोप घेणं मलाही पटत नाही. शेवटचं म्हणून लोकांना तिकीट काढायला लावायचं आणि मग परत यायचं, यात ऐकणाऱ्याची फसवणूक होते. तुमच्या पोस्टरवर 'शेवटचा कार्यक्रम' असे शब्द कधी येऊ देऊ नका, एवढं माझं मागणं आहे.

पण मुलगा एक गोष्ट विसरतो. स्टोन्स ज्यांच्याकडून शिकले ती माणसं म्हातारपणीही वाजवत होती. बँडचं नावच त्यांनी मडी वॉटर्स यांच्या गाण्यावरून घेतलं. मडी वॉटर्स ब्लूजचे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचे उस्ताद. १९८१ मध्ये शिकागोच्या एका लहानशा क्लबात स्टोन्सनी त्यांच्यासोबत वाजवलं, तेव्हा मडी वॉटर्स ६८ वर्षांचे होते, म्हणजे बरोबर तुमच्या वयाचे. ब्लूजचेच बी. बी. किंग २०१४ पर्यंत कार्यक्रम करत होते आणि २०१५ मध्ये ८९ व्या वर्षी गेले. शेवटची कितीतरी वर्षं ते खुर्चीत बसून वाजवायचे, आणि त्या खुर्चीला कोणी हसलं नाही. ब्लूजच्या घरात म्हातारा गाणारा म्हणजे जाणता गाणारा. रॉक त्याच घरात जन्मलं, मग त्याला वेगळा न्याय का लावायचा? आपल्या खान्देशात तरी बघा. कानबाईच्या रात्री गाणी कोणाला येतात म्हणून शोध सुरू झाला की सगळे आजीबाईकडंच वळतात. तिचा आवाज थरथरतो म्हणून तिला कोणी गप्प बसवत नाही. सत्तरीतल्या कीर्तनकाराला आपण पुढच्या वर्षीचं आमंत्रण देऊन ठेवतो. हातात गिटार दिसली की मात्र वय आठवतं.

आता स्टोन्सनी थांबायला हवं होतं का? माझं उत्तर दोन तुकड्यांत आहे. २००३ मध्ये ते मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, तेव्हा त्यांचा गायक मिक जॅगर साठीला टेकला होता. आपल्याकडे त्या वयात शाल-श्रीफळ देऊन घरी बसवतात. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला आणि त्यानंतरचा थेट २०२३ मध्ये. मधली १८ वर्षं मोठमोठे दौरे झाले, २०१६ मध्ये जुन्या ब्लूज गाण्यांचा एक अल्बम आला, बाकी तीच गाणी, तेच हावभाव. त्या काळात कोणी म्हणालं असतं की आता पुरे, तर मी फारसं भांडले नसते. २०२३ मध्ये मात्र नवी गाणी आली. जॅगर तेव्हा ८० वर्षांचा होता. गिटारवाल्या कीथ रिचर्ड्सच्या बोटांना संधिवात, त्यामुळे वाजवण्याची ढब बदलावी लागली हे तो स्वतःच सांगत होता. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये ८० व्या वर्षी गेला होता, तरी त्यानं आधी वाजवून ठेवलेले दोन तुकडे त्या अल्बमात आहेत. तो अल्बम त्यांच्या तरुणपणाच्या अल्बमांच्या तोडीचा आहे का, यावर लोक वाद घालतील, खुशाल घालू देत. माझ्या लेखी महत्त्वाचं हे की ते पुन्हा एकमेकांसमोर बसून, आज हातात आणि गळ्यात जे उरलं आहे त्याचं काय करता येईल, हे शोधत होते. असं शोधणारा बँड जिवंत असतो, त्यातल्या माणसांचं वय काही असो.

म्हणून म्हणते, रावेरच्या मित्राचं ऐका. तुमची जुनी गाणी बावीस वर्षांच्या पोरांनी बावीस वर्षांच्या पोरांसाठी बसवलेली. त्यांची पट्टी, त्यांचा वेग, मधली लांबलचक ड्रमची फेक, सगळं त्या वयाच्या फुफ्फुसांच्या आणि मनगटांच्या मापाचं. अडुसष्टाव्या वर्षी ती जशीच्या तशी वाजवायला गेलात तर दर वेळी तुमचीच तुमच्याशी तुलना होणार आणि दर वेळी तुम्ही हरणार. नवं गाणं तुम्ही आजच्या गळ्याच्या, आजच्या बोटांच्या मापानं करू शकता. त्याची कोणाशी तुलना नाही. आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं किती आहे! तुम्ही लोको शेडमधले, तो केळीवाला. सावदा, निंभोरा, रावेरच्या स्टेशनांवरून केळीनं भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी दिल्लीकडे निघायच्या, एकानं बाग पिकवली आणि दुसऱ्यानं इंजिन धडधडीत ठेवलं. वाघिणी वेळेवर मिळाल्या नाहीत तर घड जागच्या जागी पिकायला लागायचे, हा घोर त्यानं भोगला असेल. रात्रपाळीत शेडमध्ये काय ऐकू यायचं ते तुम्हाला ठाऊक. हे इंग्लंड-अमेरिकेतला कोणता बँड लिहिणार आहे? लेवा बोलीत ते रॉकच्या तालावर कसं लागतं हे ऐकायची मला आत्ताच घाई झाली आहे. कोण ऐकणार, या प्रश्नाचं एक उत्तर तर तुम्हाला मिळालं.

आता गाणाऱ्या मित्राचं. इथं मी जरा थांबणार आहे, कारण धुळ्यात माझं कामच गाणं शिकवण्याचं आहे, आणि साठीनंतर आवाज जातोय म्हणून रडवेले झालेले लोक माझ्याकडे येतात.

वयानुसार स्वरतंतूंमधले स्नायू बारीक होतात, त्यांची लवचीकता कमी होते. गाताना ते पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत, फट राहते आणि तिथून हवा निसटते. म्हणून आवाज पातळ, वाऱ्याचा वाटतो. छातीच्या पिंजऱ्याची लवचीकताही कमी होते, दम अपुरा पडतो. गंमत अशी की पुरुषांचा बोलण्याचा आवाज या वयात थोडा चढतो, पण गाण्यातल्या वरच्या सुरांवरची पकड सुटते. मग माणूस काय करतो? जोर लावतो. जोर लावला की गळा आवळतो, आवाज फाटतो, दुसऱ्या दिवशी घसा बसतो, आणि बसलेल्या घशानं पुढच्या तालमीला आणखी जोर. तुमचा मित्र या चक्रात अडकला असावा. त्याचा आवाज संपलेला नाही. त्याला चुकीच्या पट्टीत उभं केलं आहे.

पट्टी उतरवा. कशी, तेही सांगते. सकाळी उठल्या उठल्या नको, दुपारनंतर त्याला पेटीवर बसवा आणि कुठपर्यंत तो विनासायास, हसत गातो ते बघा. तिथून दोन सूर खाली त्या गाण्याची वरची हद्द ठेवा. मूळ गाणं काळी चारमध्ये असेल तर काळी एकमध्ये आणा, लाजू नका. कीबोर्डला ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी एकदम वर-खाली सरकवायचं बटण असतं. गिटारवाला आणि बेसवाला सगळ्या तारा अर्धा किंवा एक सूर खाली लावू शकतात, म्हणजे बोटांची ठेवण तीच राहते. तारा सैल झाल्यानं बोटांवरचा ताणही हलका होतो, तो वेगळा फायदा. तुमच्या वयाच्या कोणत्याही गिटारवाल्याला जाड तारांचा हट्ट सोडायला सांगा. ऑझीच्याच ब्लॅक सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, बारीक तारा लावल्या, पुढं तारा खाली उतरवून लावायला लागला. त्या सैल तारांच्या जड आवाजातून हेवी मेटल या रॉकच्या प्रकाराचा नाद घडला. शरीरानं अडवलं तेव्हा त्यानं वाद्य बदललं. तुम्ही तर नुसती पट्टी बदलणार आहात.

इंग्लंडचे गायक एल्टन जॉन यांचं उदाहरणही मित्राला सांगा. १९८७ मध्ये त्यांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आवाज खाली आला, पूर्वीच्या त्या उंच, नाजूक जागा गेल्या. त्यांनी त्या जागा सोडून दिल्या, चाल वळवून घेतली आणि त्याच खालच्या, भरदार आवाजात २०२३ पर्यंत दौरे केले. लोकांनी गाणी ओळखली, सोबत म्हटलीसुद्धा.

मित्राला रोज थोडा वेळ हुंकार धरायला सांगा. पेल्यात पाणी घेऊन त्यात स्ट्रॉ बुडवायची आणि बुडबुडे काढत सूर धरायचा. पोरखेळ वाटेल, पण स्वरतंतूंवर ताण न येता ते एकमेकांना भिडायला शिकतात, आणि आवाजाचे डॉक्टर हाच व्यायाम देतात. तिखट जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. शेवभाजी आपल्या सगळ्यांच्या जिवाभावाची, पण रात्री दहाला नको, पित्त वर येऊन घसा भाजतो. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं घसा तपासून घ्या. तंबाखूची सवय असेल तर उद्याच.

हे सांगायचं कोणी? तुम्ही. चौघांनी मिळून त्याला घेरू नका, आणि त्याच्या नकळत पट्टी उतरवून ठेवण्याचा प्रकार तर मुळीच नको. गाणाऱ्याला सूर बदललेला कळतो, आणि कळल्यावर त्याला वाटतं की आपल्या पाठीमागं आपली कीव केली जाते. एकटे जळगावला जा. सरळ बोला: "वरचा सूर लागत नाहीये, आपण पट्टी खाली घेऊ, आणि नवी गाणी तुझ्या आजच्या गळ्यावर बसवू." शेवटचं वाक्य गिळू नका. पहिलं वाक्य ऐकून त्याला वाईट वाटेल. दुसरं ऐकून त्याला कळेल की तुम्हाला तो हवा आहे.

रेकॉर्डिंगची भीती वाटत असेल तर ती सोडा. उलट या वयाला स्टेजपेक्षा रेकॉर्डिंग मानवतं. एक कडवं आज, एक उद्या. दमलो की चहा. चुकलं की पुन्हा. अमेरिकेचे गायक जॉनी कॅश यांनी १९९४ पासून शेवटच्या काही वर्षांत केलेली ध्वनिमुद्रणं ऐका. एक गिटार, फारसं काही नाही, आणि वय झालेला, पुढं पुढं थकत गेलेला आवाज. तो आवाज तिशीत त्यांच्याकडे नव्हता. कॅनडाचे गायक-कवी लेनर्ड कोहेन यांनी शेवटचा अल्बम लॉस एंजेलिसच्या घरात, पाठीच्या दुखण्यामुळे खास खुर्चीत बसून गायला, मुलानं त्याची निर्मिती केली. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अल्बम आला, नोव्हेंबरमध्ये ८२ व्या वर्षी ते गेले. त्या जवळजवळ बोलल्यासारख्या आवाजात जे वजन आहे ते तरुण गळ्यात मावत नाही. तुम्हाला मोठा स्टुडिओ नको. शेतातलं घर, जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, पंखा बंद. थंडीत करा म्हणजे पंखा बंद ठेवणं जमेल. चांगले दोन माइक आणि एक लॅपटॉप भागवून नेतो. कीबोर्डवर बसणाऱ्या मुलीला हे तुमच्यापेक्षा लवकर उमगेल.

त्या मुलीबद्दल तुम्ही पत्रात फक्त 'त्याची मुलगी वाजवते' इतकंच लिहिलंत, पण शब्दाआड अवघडलेपण दिसतं. मित्र गेला, त्याची जागा भरणं बरोबर का? यावर मोठ्या बँडांनी दोन टोकांची उत्तरं दिली आहेत आणि मला दोन्ही खरी वाटतात. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनहॅम सप्टेंबर १९८० मध्ये गेला आणि डिसेंबरमध्ये बाकीच्यांनी बँड थांबवला. २००७ मध्ये लंडनला एका रात्रीपुरता पूर्ण कार्यक्रम केला तेव्हा ड्रमवर बॉनहॅमचाच मुलगा होता. डीप पर्पल १९६८ चा, आज त्यात पहिल्या दिवसापासूनचा फक्त ड्रमर इयन पेस उरला आहे, तरी २०२४ मध्ये त्यांनी नवा अल्बम काढला. तुमच्या गिटारवाल्याला विचारा, पिलबाग म्हणजे काय. मूळ झाडाचा घड उतरला की त्याच कंदातून आलेलं पील पुढचा घड देतं, जमीन तीच, मुळं तीच, पण घड त्या पिलाचा स्वतःचा असतो. तिला वडिलांचेच तुकडे वाजवायला लावू नका. नव्या गाण्यांत तिला स्वतःचं काही सुचू द्या, आणि तिचं मत चालीतही घ्या, नुसतं वायरी जोडण्यात नको.

तुमच्या स्वतःच्या कानांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून मला काळजी वाटते. आधी लोको शेड आणि त्यावर ड्रम. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा निकष आहे. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रमसेट जोरात वाजला तर १०० सहज ओलांडतो. गेलेलं ऐकणं परत येत नाही. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये पूर्ण बहिरं होण्याच्या धोक्यामुळे दौरा अर्धा सोडावा लागला. तो २०२० च्या अल्बमासाठी परतला, पण कानात खास तयार केलेली यंत्रणा बसवून. तुम्ही आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या. वादकांसाठीचे कानातले प्लग मिळतात, त्यांनी आवाज मंदावतो पण बोथट होत नाही. मुलाला पुण्याहून आणायला सांगा. बापाच्या बँडबद्दल त्याला इतकी कळकळ आहे तर ती अशी कामी येऊ दे. रात्री कानात शिट्टी वाजत असेल तर हे पत्र वाचून झाल्यावर वेळ घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

थांबायची वेळ येतेच, ती मी नाकारत नाही. रश बँडचा ड्रमर नील पर्ट याला खांद्यांच्या दुखण्यामुळे स्वतःला हवं तसं वाजवता येईना, तेव्हा २०१५ च्या दौऱ्यानंतर तो थांबला. त्याच्या सोबत्यांना आणखी वाजवायचं होतं, पण त्यांनी त्याला ओढलं नाही. २०२० मध्ये तो गेला. आता ते दोघं नव्या ड्रमरसोबत पुन्हा उभे राहिले आहेत. जेनेसिस बँडचा गायक फिल कॉलिन्स मूळचा ड्रमर, पाठीच्या आणि नसांच्या दुखण्यानं त्याला ड्रमची काठी धरणं अशक्य झालं. २०२२ च्या मार्चमध्ये लंडनच्या शेवटच्या कार्यक्रमात तो खुर्चीत बसून गायला आणि मागं ड्रमवर त्याचा मुलगा होता. एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलर याच्या स्वरयंत्राला २०२३ मध्ये इजा झाली, वर्षभर उपचार करूनही आवाज पूर्ववत होईना, तेव्हा २०२४ मध्ये त्यांनी दौरे बंद केल्याचं जाहीर केलं. या तिघांतल्या कोणालाही लोकांच्या हसण्यानं थांबवलं नाही. शरीरानं सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. तुमच्यापैकी कोणाला वाजवताना दुखायला लागलं, आणि ते दुखणं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही राहिलं, तर त्या माणसानं थांबावं. बँडनं त्याच्यासोबत थांबायचं की दुसरा आणायचा, हे त्या माणसाला विचारून ठरवावं.

आता वहिनींकडे येऊ. त्यांचा प्रश्न मला मुलाच्या प्रश्नापेक्षा जास्त गंभीर वाटतो.

ऑझी ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, आपल्याच गावात गायला आणि २२ जुलैला ७६ व्या वर्षी गेला, हे खरं. पण तो त्या कार्यक्रमामुळे गेला असं म्हणायला काही आधार नाही. पार्किन्सन झाल्याचं त्यानं २०२० मध्येच सांगितलं होतं, मणक्याच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, उभं राहणंही जमत नव्हतं. वहिनींना त्या दिवसाची आखणी सांगा. तो पूर्ण वेळ सिंहासनासारख्या खुर्चीत बसून होता. पाच गाणी स्वतःची आणि चार सॅबथची, एवढंच गायला. बाकी अख्खा दिवस दुसऱ्या बँडांनी वाजवलं. पैसा रुग्णालयाला, मुलांच्या शुश्रूषागृहाला आणि पार्किन्सनच्या कामाला गेला. आजारी माणसाला जितकं झेपेल तितकंच त्याच्याकडून घेतलं आणि उरलेला भार बाकीच्यांनी उचलला. जॅगरच्या हृदयाची झडप २०१९ च्या एप्रिलमध्ये बदलली. त्यासाठी ठरलेला दौरा पुढं ढकलला आणि जूनमध्ये तो शिकागोत पुन्हा स्टेजवर उभा राहिला. आधी उपचार, मग स्टेज, हा क्रम तेवढा घ्या. तुम्ही चौघंही हृदयाची, रक्तदाबाची, साखरेची तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट वहिनींच्या हातात द्या.

आणि म्हणूनच एप्रिल नको. भुसावळचा एप्रिल मी तुम्हाला काय सांगू? पारा ४५ च्या आसपास, रात्री नऊलाही मैदानातून वाफा निघतात. अशा हवेत दोन तास ड्रम वाजवणं तिशीतल्यालाही जड जाईल. पौष-माघातली एखादी संध्याकाळ घ्या. माझ्या मनात तर तुमचा पहिला कार्यक्रम कॉलेजच्या मैदानावर नाहीच. रावेरकडे शेतात भरीत पार्टी ठेवा. काड्यांवर वांगी भाजली जात असतील, कळण्याच्या भाकरी होत असतील, समोर तीस-चाळीस घरची माणसं. तिथं नवी गाणी पहिल्यांदा वाजवा. कोणतं गाणं लागतं, कोणतं लांबतं, कुठं लोक बोलायला लागतात, सगळं त्या एका संध्याकाळी कळेल. वहिनींना तिथं आणाच. आणि रात्री गाडी स्वतः चालवत परतू नका, मुक्काम करा.

'आते कसाले' याचं उत्तर त्यांना भाषणानं देऊ नका. निवृत्तीनंतर माणूस घरी येईल असं बाईला वाटलेलं असतं आणि तो पुन्हा बाहेर निघतो, तेव्हा तिच्या विचारण्यात भीतीसोबत आणखीही काही असू शकतं. नोकरीची सगळी वर्षं तुमच्या रात्रपाळ्या त्यांनी काढल्या. तालमीचे वार ठरवून टाका, परतायची वेळ ठरवा आणि ती पाळा. उरलेले दिवस कोणाचे, हे त्यांना विचारा. नव्या गाण्यांतलं एक अहिराणीत का नको? शब्द अडले तर विचारायला घरात माणूस आहे.

माजी विद्यार्थ्यांना कागदावर उत्तर द्या, फोनवर माणूस भरीला पडतो. लिहा: एप्रिलमध्ये जमणार नाही. जानेवारीत संध्याकाळी येऊ. चाळीस मिनिटं वाजवू, त्याआधी आणि नंतर कॉलेजातल्या मुलांचे बँड ठेवा. स्टेजवर पाच खुर्च्या हव्यात. स्पीकरचा आवाज किती असेल ते आम्ही ठरवू. आणि तीन गाणी अशी असतील जी तुम्ही आधी कधी ऐकलेली नाहीत.